सांध्यावरचं नख

बदलापूरला जांभळं आली. स्टेशनबाहेर पाट्या घेऊन बसणाऱ्या बायांनी काल सकाळी पहिल्यांदा द्रोण मांडले आणि भाजीची पिशवी मनगटाला अडकवून मी दोन द्रोण उभ्याउभ्या संपवले. तिसरा घरी घेऊन आलो, तर दारातच सुनंदा म्हणाली, "जीभ दाखवा." दाखवली. "डॉक्टरांनी चार खा म्हटलंय, चाळीस नाही," असं म्हणून तिने द्रोण स्वतःकडे घेतला आणि गॅलरीत बसून एकटीने फस्त केला. बत्तीस वर्षांच्या संसारात माझ्या तब्येतीची काळजी ती अशीच घेत आली आहे.

जांभळं आली की बदलापूरकर छत्र्या शोधायला लागतात. मला मात्र एक चर्च आठवतं. चर्च म्हटलं की आमची लेक प्राजक्ता फोनवरून ओरडते, "बाबा, कॅथेड्रल!" मला वाटायचं, मोठं असेल ते कॅथेड्रल. तिचं म्हणणं, जिथे बिशपची खुर्ची असते ते कॅथेड्रल, मग ते केवढं का असेना. आता गंमत अशी, की त्या गावात बिशप कित्येक पिढ्यांपूर्वीच संपले, तरी नाव राहिलंय. सुनंदाला यात काहीच नवल वाटलं नाही. तिचं माहेर उल्हासनगरच्या कॅम्प चारमधलं, फाळणीनंतरच्या निर्वासितांच्या जुन्या छावणीतलं. "आमच्याकडे तरी कुठे कॅम्प उरलाय?" ती म्हणाली. "पण पत्त्यात लिहितोच ना?"

तीन वर्षांपूर्वी, ऐन जांभळांच्या हंगामात, आम्ही दोघं स्कॉटलंडला गेलो आणि सहा आठवडे राहिलो. त्या वर्षी एकही जांभूळ तोंडात पडलं नाही. गावाचं नाव इथे लिहीत नाही, कारण ते मला अजून नीट उच्चारता येत नाही आणि लिहिलं तर प्राजू त्यातही चूक काढेल. छोटंसं गाव, मधून नदी, नदीवर दगडी पूल, आणि पुलावरून बघितलं की झाडांच्या वर डोकं काढून उभं असलेलं ते राखाडी-तांबूस कॅथेड्रल. उजेडाची तर चैनच होती. संध्याकाळचे साडेनऊ वाजले तरी ऊन भिंतीवर. पहिले चार दिवस सुनंदाने जेवणं वाढलीच नाहीत, कारण तिचं म्हणणं, अंधार पडल्याशिवाय रात्रीचं कसं जेवायचं! शेवटी भुकेने मी हात टेकले, मग घड्याळ बघून जेवायला लागलो.

पण आम्ही तिथे हवा खायला गेलो नव्हतो. निदान मी तरी नाही. मी लेकीला परत आणायला गेलो होतो.

प्राजक्ता इथून सिव्हिल इंजिनियर झाली, पुढच्या शिक्षणासाठी तिकडे गेली, ते शिक्षणही पुरं केलं. आता चांगल्या कंपनीत लागेल, मग फ्लॅट, मग लग्न, अशी माझी रांग लागलेली. आणि एके दिवशी तिने व्हिडिओ कॉलवर सांगितलं, की ती दगडकाम शिकायला जाते आहे. दोन वर्षांचं शिक्षण. डिझाइन नाही, कॉम्प्युटर नाही. हातात छिन्नी घेऊन. मी फोन सुनंदाकडे दिला आणि बाहेर जाऊन उभा राहिलो. त्यानंतर दोन वर्षं आम्ही हवेबद्दल बोललो, जेवणाबद्दल बोललो, तिच्या कामाबद्दल एक अक्षर बोललो नाही. शिकणं संपवून ती त्या कॅथेड्रलच्या दगडशाळेत, म्हणजे दुरुस्तीचे दगड घडवतात त्या कारखान्यात, नोकरीला लागली, तेही मला सुनंदाकडून कळलं. कुणी विचारलं, तर मी सांगायचो, "इंजिनियर आहे, फॉरेनला असते." यातला एकही शब्द खोटा नव्हता.

हे नुसतं शिकल्यासवरल्या बापाचं रुसणं असतं, तर मी इतका अडून बसलो नसतो. माझ्या आईने आमच्या गावच्या, पालेगावच्या, मागच्या खाणीवर खडी फोडली आहे. आमची शेती पोटापुरतीही नव्हती. भात कापून झालं की होळीनंतर ती खाणीवर जायची, ती थेट पाऊस लागेपर्यंत. फडक्याच्या चुंबळीवर दगड धरायचा आणि हातोडीने त्याची खडी करायची. पाटीमागे मजुरी. तिच्या डाव्या अंगठ्याचं नख मी कधी पांढरं बघितलं नाही. मी अंबरनाथच्या फॅक्टरीत अप्रेंटिस लागलो, तेव्हा तिने देवापुढे पेढा ठेवला नाही, माझ्या हातांपुढे ठेवला. आणि त्याच घरातली पोर समुद्र ओलांडून पुन्हा दगडाशीच जाऊन बसली! गावात काकांनी चारचौघांत विचारलं होतं, "काय रं, तुजी पोर दगरं फोरते म्हनं?" लोक हसले नाहीत, हे काकांच्या वयामुळे. मला जे वाटायचं ते वाटलंच.

तर असा मी, पोटात ही गाठ घेऊन, त्या कॅथेड्रलच्या दारात उभा राहिलो. आणि आत पाऊल टाकल्यावर दोन मिनिटं गाठबीठ सगळं विसरलो.

केवढी ती उंची! मान मागे टाकत गेलो, टाकत गेलो, आणि शेवटी टोपी पडली. दोन्ही बाजूंना खांबांच्या रांगा, एकेक खांब आमच्या चाळीच्या जिन्याएवढा जाड, आणि वर जाऊन ते दगड एकमेकांकडे झुकलेले, कमानीला कमान भेटलेली. लांबच्या खिडकीतून रंगीत ऊन जमिनीवर सांडलेलं. निळं, लाल, मधेच पिवळं. मी मुद्दाम जाऊन त्या लाल तुकड्यात हात धरला. हात लाल झाला! पुन्हा निळ्यात धरला. तेवढ्यात माझ्या लक्षात आलं, की सुनंदा शेजारी नाही. ती दारातच वाकून बुटांच्या नाड्या सोडत होती.

"अगं, इथे बूट काढत नाहीत."

"तुम्हाला काय माहीत? देवाचं घर आहे ना?" तिने बूट जोडीने भिंतीला लावले आणि मोज्यांवर आत आली. बाहेर दहा डिग्री, आत दगडाची फरशी त्याहून गार. तिथे माहिती सांगायला बसणाऱ्या एक पांढऱ्या केसांच्या बाई होत्या, त्या धावतच आल्या. त्यांना वाटलं, हिचे पाय दुखताहेत. खुर्ची आणली, पाणी आणलं. प्राजूने सगळं समजावल्यावर त्या बाई एवढ्या हसल्या, एवढ्या हसल्या, की त्यांनी सुनंदाचा हात धरून तिला स्वतः सगळं कॅथेड्रल दाखवलं. सहा आठवड्यांत त्या दोघींची जी मैत्री झाली, ती बघून मी थक्क झालो. एकीला मराठी येत नव्हती, दुसरीला इंग्रजीचं वावडं. सुनंदा तिच्याशी सरळ उल्हासनगरी हिंदीत बोलायची, जशी माहेरच्या शेजारणीशी बोलते.

फरशीची तर वेगळीच कथा. तिथली जमीन म्हणजे थडग्यांच्या शिळा. माणसं खाली, नावं वर, आणि त्यांच्यावरून येणारे-जाणारे चालतात. हे कळल्यावर सुनंदा जागच्या जागी थिजली. नकळत एका शिळेवर पाय पडला होता, तर वाकून तिला हात लावून नमस्कार केला. त्या बाईंनी सांगितलं, की काहींनी मुद्दाम वाटेतलीच जागा मागून घेतली होती, लोकांनी आपल्यावरून चालत जावं म्हणून. सुनंदाने मान डोलावली आणि मला म्हणाली, "असेल त्यांच्यात. मी नाही बाई कुणाच्या छातीवर पाय देणार." त्यानंतर ती रोज भिंतीकडेकडेने, शिळा चुकवत, कधी लांब ढांग टाकत, कधी चवड्यावर उडी मारत देवळात फिरायची. मीही तसाच फिरायला लागलो. साठी ओलांडलेली दोन माणसं स्कॉटलंडमध्ये लंगडी खेळताहेत, असं दृश्य तिथल्या पर्यटकांनी बघितलं आहे.

आणि ती स्मारकं! एका बाजूच्या दालनात एक सरदार आणि त्याची बायको, दगडाची, उंच चौथऱ्यावर शेजारीशेजारी उताणी झोपलेली. अंगावर चिलखत, कमरेला तलवार, पायांशी चिमुकला सिंह. बाईच्या पायांशी कुत्रं. नाकं झिजून गेलेली, सिंहाचं शेपूट कुणीतरी कधीतरी तोडलेलं. पण दोघांचे हात छातीवर जोडलेले, अगदी आपल्या नमस्कारासारखे. सुनंदाने त्या बाईच्या झग्याच्या चुण्या मोजल्या. "दगडाला एवढ्या बारीक चुण्या पाडल्यात, मला कॉटनच्या साडीला पाडता येत नाहीत," ती म्हणाली. चौथऱ्याच्या कडेने वीतभर उंचीची रडणारी माणसं कोरलेली, प्रत्येकाची रडण्याची तऱ्हा वेगळी. एकजण तर रडता रडता दुसऱ्याकडे चोरून बघतोय. मी त्याला रोज भेटायला जायचो.

भिंतीवर एक संगमरवरी पाटी होती, तिच्यापाशी मात्र हसू आलं नाही. तिथल्याच एका घरातला मुलगा, पलटणीबरोबर हिंदुस्थानात आलेला, पुण्याकडे तापाने गेला. वय एकोणीस. त्याला पुरलं आपल्याकडे, आणि इथे आईने पाटी लावली. वर त्या पलटणीचे झेंडे टांगलेले, जुने होऊन जाळीसारखे झालेले. सैन्याच्या दारूगोळ्याच्या ज्या फॅक्टरीत मी चौतीस वर्षं काढली, तिथेही असल्याच पोरांच्या हातात जाणारा माल तयार व्हायचा. मी कधी त्या पोरांच्या आयांचा विचार केला नव्हता. पाटीवरचं नाव मी मोठ्याने वाचलं, तेवढंच मला सुचलं.

तिसऱ्या की चौथ्या दिवशी मी खांब बघत होतो. माझी नोकरी सगळी इन्स्पेक्शनची. कुणीतरी बनवलेला जॉब माझ्या टेबलावर यायचा, मी मापायचो, पास तरी करायचो किंवा लाल रंगाचा ठिपका देऊन बाजूला काढायचो. त्यामुळे कुठलीही वस्तू दिसली की माझे डोळे तिच्या कडांवर जातात. तर एका खांबावर, गुडघ्याच्या उंचीला, मला बाण दिसला. नखाने ओढल्यासारखा बारीक, पण कोरलेला. पलीकडच्या दगडावर चांदणी. तिसऱ्यावर मासा. मग पुन्हा बाण! मी गुडघ्यांवर बसलो, मग जवळजवळ रांगायलाच लागलो. प्राजू दगडशाळेतून चहाच्या सुट्टीत आली होती, ती धावली. "बाबा, काय झालं? पडलात का?"

"हे काय आहे?"

"त्या पाथरवटांच्या खुणा आहेत. प्रत्येकाची वेगळी. आपण घडवलेल्या दगडावर आपली खूण करायची, म्हणजे कुणाचं काम कसं झालंय ते मुकादमाला कळायचं."

"म्हणजे इन्स्पेक्शनचा शिक्का!" मी ओरडलो. खरंच ओरडलो. तो आवाज वर कमानींत जाऊन तीनदा परत आला आणि प्रार्थनेला बसलेल्या दोन आजीबाईंनी वळून बघितलं. पण मला भान कुठलं! आमच्याकडेही प्रत्येक कामगाराचा पंच असायचा, जॉबवर त्याचा नंबर ठोकलेला असायचा. आणि इथे शेकडो वर्षांपूर्वीचा कुणी बाणवाला, कुणी मासेवाला, माझ्यासमोर हजेरी देत होता. त्या दिवशी मी सत्तावीस खुणा शोधल्या. बाणवाल्याच्या कडा सर्वांत सरळ होत्या. मासेवाला आळशी असावा, त्याचे दगड मी रिजेक्ट केले असते.

संध्याकाळी मी प्राजूला विचारलं, "तुझी खूण कुठेय?" इतक्या दिवसांत तिच्या कामाबद्दल मी विचारलेला तो पहिला प्रश्न. तिने पोळी लाटता लाटता वर बघितलं. "आत गेली," ती म्हणाली. "आता आम्ही सांध्याच्या आतल्या बाजूला करतो. बाहेरून दिसत नाही." पुढे विचारायचं मला धैर्य झालं नाही. आईच्या खडीचा विचार मात्र बराच वेळ मनात राहिला. तिने फोडलेले दगड अंबरनाथ-बदलापूरच्या रस्त्यांत कुठेतरी आहेत. त्यांवर कुणाची खूण नाही.

इतकं होऊनही माझा बेत तसाच होता. खुणा करणारे ते लोक थोर असतील, पण ते मेले. माझी मुलगी जिवंत होती, थंडीत दगडाची धूळ खात होती आणि तिच्या बोटांची सालटं निघालेली मी बघितली होती. योग्य वेळ बघून तिच्याशी बोलायचं आणि परतीचं तिकीट तिघांचं करायचं, हे मी मनात पक्कं धरलं होतं.

आणि ती वेळ फार वाईट तऱ्हेने आली.

त्या सरदाराच्या चौथऱ्याचा एक कोपरा झिजून ढासळला होता. तिथे नवा दगड घडवून बसवायचं काम प्राजूकडे होतं. तिचं पहिलं स्वतंत्र काम. चार महिने ती त्या हातभर दगडावर बसली होती. आता दगड बसवून झाला होता आणि त्या गुरुवारी तिचे उस्ताद येऊन ते बघणार होते. युअन त्यांचं नाव. सत्तरीचे, अस्वलाच्या पंज्यासारखे हात, बोलणं असं की मला दहातला एक शब्द कळायचा. सुनंदाने कॅम्प चारहून नेलेले सिंधी पापड त्यांना भलतेच आवडले होते, त्यामुळे आमच्यावर लोभ होता. त्यांनी दगड बघितला, खाली बसून बघितला, बाजूने दिवा धरून बघितला. मग माझ्याकडे वळून काहीतरी म्हणाले. प्राजूने सांगितलं, "म्हणताहेत, तुम्ही इन्स्पेक्टर होतात असं ऐकलंय. तुम्हाला काय वाटतं?"

त्यांनी अगत्याने विचारलं होतं. छान म्हणायचं आणि सोडून द्यायचं, एवढी पद्धत कुणालाही कळते. पण चौतीस वर्षं माझ्यापुढे जॉब ठेवला, की माझा हात आपोआप पुढे जायचा. जुन्या दगडावरून नव्या दगडाकडे मी अंगठ्याचं नख फिरवलं. फॅक्टरीतली ही सगळ्यात जुनी तपासणी. नख सरकत गेलं तर पास. अडकलं तर नापास. माझं नख सांध्यात अडकलं.

"गॅप," मी इंग्रजीत म्हणालो, सगळ्यांना कळावं म्हणून. "नॉट फ्लश. रिजेक्ट." म्हणजे सांधा दगडांच्या पातळीत नाही, नापास.

प्राजूचे कान लाल झाले. लहानपणी गणित चुकलं की व्हायचे, तसे. सुनंदा मागून पुटपुटली, "अहो, गप्प बसायला काय घ्याल?" आणि खोटं कशाला लिहू, नख अडकलं त्या क्षणी मला आतून बरं वाटलं होतं. चला, पोरीला हे जमत नाही. आता ती घरी येईल.

युअन हसले नाहीत, रागावलेही नाहीत. मला बोटाने खूण करून ते चौथऱ्याच्या पलीकडच्या टोकाला घेऊन गेले. तिथेही कधीतरी, आमच्या आजोबांच्या काळात, दुरुस्ती झाली होती. त्यांनी माझा अंगठा धरून त्या सांध्यावर ठेवला. मी नख फिरवलं. लोण्यासारखं सरकलं. "पास," मी म्हणालो. मग त्यांनी त्याच सांध्याशेजारच्या जुन्या दगडावर आपला अंगठा नुसता दाबला. दगडातून वाळू गळायला लागली. भुरभुर भुरभुर, माझ्या बुटावर. त्यातच एका रडणाऱ्या माणसाचा पाय होता, तोही गळून गेलेला.

ते बोलत होते आणि प्राजू मला सांगत होती. तिचा आवाज अगदी सपाट होता. "ते सिमेंट आहे, बाबा. दगडापेक्षा कडक. जुन्या दगडात ओल असते, ती कुठून तरी बाहेर पडायला हवी. सिमेंट तिला वाट देत नाही, मग ती दगड फोडून निघते. म्हणून आम्ही चुना वापरतो. सांधा दगडापेक्षा मऊ ठेवायचा. झिजला तर सांधा झिजेल, तो पुन्हा भरता येतो. आणि तो केसभर आत ठेवायचा, झिजलेल्या कडांवर चढू द्यायचा नाही. तुमचं नख अडकलं ना, ते तसंच अडकायला हवं होतं."

मी वाळूकडे बघत राहिलो. मला पालेगावचं गावदेवीचं देऊळ आठवलं. तिथले दगडी खांब मीच पुढे होऊन मोरीच्या टाइल्सनी मढवून घेतले होते, टाइल बसवताना सांध्यावर नख फिरवून एकेक पास केली होती. दोन पावसाळ्यांत टाइल्सच्या मागून दगडाचे पापुद्रे निघायला लागले, तेव्हा आम्ही दगडालाच नावं ठेवली. परवा मी गावात हा विषय काढला, टाइल्स काढूया म्हणालो. काका म्हणाले, "र्‍हाऊ दे रं, धुवाला बऱ्या परतात." पण मी सोडणार नाही.

तर त्या दिवशी दुपारी प्राजू डबा खायला आमच्याबरोबर बसली नाही. मी तिला शोधत गेलो. कॅथेड्रलच्या मागे, नदीकडे उतरणाऱ्या गवतात एक बाक आहे, तिथे डबा मांडीवर ठेवून बसली होती. मी शेजारी बसलो. नदीत बदकं होती.

"तुम्हाला बरं वाटलं ना?" ती एकदम म्हणाली. "नख अडकलं तेव्हा."

पोरीला बापाचा चेहरा वाचता येतो, हे मला कुणी आधी सांगायला हवं होतं. "हो," मी म्हणालो.

"मला दिसलं."

"तुझ्या आजीचे हात तू बघितले नाहीस, प्राजू. तू पोटात होतीस तेव्हा ती गेली. तिचं नख..."

"काळं होतं. आत्याने सांगितलंय मला. खाणीबद्दलही सांगितलंय. तुम्ही मात्र कधीच नाही सांगितलं."

"मग तरीसुद्धा?"

तिने डब्याचं झाकण लावलं, उघडलं, पुन्हा लावलं. "बाबा, आजीला संध्याकाळी कोणी काय विचारायचं? किती पाट्या झाल्या, एवढंच ना? मला इथे युअन विचारतात, घाई तर केली नाहीस ना? चार महिन्यांत एक दगड, आणि विचारतात घाई तर केली नाहीस ना! मला हे आवडतं. मला दुसरं काही एवढं कधीच आवडलं नव्हतं. इंजिनियरिंगसुद्धा तुमच्यासाठी केलं, चांगलं केलं, पण सकाळी उठून पळत जावं असं नाही वाटलं कधी."

ती खरंच सकाळी पळत जायची. मी खिडकीतून रोज बघत होतो, पुलावरून जाताना तिची वेणी इकडून तिकडे उडायची. ते बघूनही मला बेत बदलावासा वाटला नव्हता, याची त्या बाकावर मला फार शरम वाटली.

"मी तुला न्यायला आलो होतो," मी म्हणालो.

"माहितीय. आईने पहिल्याच दिवशी सांगितलं."

"तिच्या पोटात काही राहील तर शपथ."

"मग? नेणार?"

"तिकिटं दोनच आहेत," मी म्हणालो. "तिसरं काढायचं राहूनच गेलं."

ती हसली, आणि हसता हसता रडली, आणि डब्यातला उरलेला घास मला भरवला. बटाट्याची भाजी होती. मीठ कमी होतं. ते मी बोललो नाही. शिकतो आहे.

त्यानंतरचे तीन आठवडे म्हणजे माझ्या आयुष्यातली सगळ्यात मजेची सुट्टी. सुनंदा गावातल्या बायकांबरोबर कॅथेड्रलच्या गुडघे टेकायच्या उशांवर टाके घालायला बसायची. तिने एका उशीवर चक्क जास्वंदीचं फूल काढलं. ते आता तिथे तिसऱ्या रांगेत आहे आणि त्यावर कोण कोण गुडघे टेकतं, याची ती चौकशी करत असते. मी रोज सकाळी प्राजूबरोबर निघायचो. ती पळायची, मी मागून चालत. दगडशाळेच्या दारात एक स्टूल टाकून युअननी माझी सोय केली होती. छिन्नीचे आवाज ऐकत मी तासन् तास बसायचो. प्राजूचा आवाज मला डोळे मिटून ओळखता यायला लागला. टक, टक, मग थांबणं, मग बोटाने धूळ पुसणं, मग पुन्हा टक. फॅक्टरीत एवढी मशिनं ऐकली, पण कुणाचं थांबणं असं ऐकलं नव्हतं.

निघायच्या दोन दिवस आधी युअन आतून एक जुना चामडी एप्रन घेऊन आले आणि माझ्या गळ्यात घातला. प्राजूने बाकावर एक छोटा दगड ठेवला. छिन्नी कशी धरायची, लाकडी हातोडा कुठे धरायचा, सगळं दाखवलं. "कडेपासून आत यायचं, बाबा. कडेकडे जायचं नाही. दमाने. मनगट सैल."

मी मान डोलावली. मला कोण शिकवणार, असंही मनात आलं. पहिले चार घाव झकास बसले, पांढरी धूळ उडाली, मी खूश. पाचवा जरा जोरात घातला. दगडाच्या कडेचा टवका उडून थेट दारापाशी जाऊन पडला. मी घाईने प्राजूकडे बघितलं. आता म्हणेल, असू दे बाबा, पहिल्यांदा असंच होतं.

ती वाकली. त्या तुटलेल्या कडेवरून तिने अंगठा फिरवला, एकदा, दोनदा, सावकाश. मग माझ्याकडे बघितलं, आणि त्या नजरेत बापाची कीव नव्हती की लेकीचा लाड नव्हता. तिच्या हाताखाली शिकायला आलेल्या कुठल्याही माणसाकडे तिने तसंच बघितलं असतं.

"हा गेला," ती म्हणाली. "दुसरा घ्या."

कोपऱ्यात दगड रचून ठेवले होते. मी जाऊन दुसरा घेतला. चांगलाच जड होता. ती मदतीला आली नाही, नुसती बाकाशी उभी राहून मी कधी आणतो याची वाट बघत होती.